जुन्या मिनीबसचं फिरतं घर करताना विजेची आखणी कशी करावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे: शाळेच्या कामातून निघालेली ७ मीटर लांबीची, २४ व्होल्टची मिनीबस आहे. तिचं चार माणसांसाठी फिरतं घर करायचंय. फ्रिज, इंडक्शन, मिक्सर, पंखे, पाण्याचा पंप, दोन लॅपटॉप, टीव्ही आणि रात्री एसी हवा. मे महिन्यात कोकण आणि ऑक्टोबरात स्पिती असा बेत आहे. गॅरेजमधून १५० एएचच्या (अँपिअर-अवर, बॅटरीच्या साठ्याचं माप) दोन ट्यूब्युलर लेड-ॲसिड बॅटऱ्या आणि अडीच केव्हीएचा घरगुती इन्व्हर्टर सुचवलाय. एवढ्यात भागेल का?

नाही भागणार. त्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये (एकीचं पॉझिटिव्ह दुसरीच्या निगेटिव्हला) जोडल्या की कागदावर ३.६ युनिट वीज होते. लेड-ॲसिड बॅटरी रोज निम्म्याखाली उतरवली की तिचं आयुष्य झपाट्यानं कमी होतं, म्हणून हाताशी राहतात १.८ युनिट. त्यावर एक टनाचा एसी तापलेल्या बसमध्ये पूर्ण ताकदीनं चालला, तर दोन तासही निघणार नाहीत. एसी नसला तरी सकाळचा स्वयंपाक इंडक्शनवर झाला की दुपारी फ्रिज बंद पडेल.

मुळात चूक सामानात नाही, क्रमात आहे. आधी बॅटरी ठरवायची आणि मग तिच्यावर काय चालेल ते बघायचं, असं केलं की पैसे दोनदा जातात. आधी रोज किती युनिट लागतील ते काढायचं, मग बॅटरी, मग ती भरायची साधनं, आणि इन्व्हर्टर त्यानंतर. वायरी आणि फ्यूज सगळ्यात शेवटी ठरतात, पण तिथे एका पैशाचीही काटकसर करायची नाही.

तुमच्या यादीवरून रोजचा हिशोब मांडतो. फ्रिजसाठी सोपी पद्धत म्हणजे स्टार लेबलवरचे वर्षाचे युनिट ३६५ ने भागायचे आणि बसमधल्या उकाड्यासाठी दीडपट करायचे. १६० युनिटचं लेबल असलेला छोटा सिंगल डोअर फ्रिज साधारण ०.७ युनिट खाईल. थेट बॅटरीच्या विजेवर चालणारे २० वॉटचे तीन डीसी पंखे १० तास चालले की ०.६. दिवे ०.२, लॅपटॉप आणि फोन मिळून ०.४, टीव्ही ०.१, मिक्सर ०.१५, पंप ०.०५. इंडक्शनवर चार माणसांचा वरणभात आणि चहा धरला तरी १ युनिट सहज जातं. आता जो आकडा बहुतेकांच्या यादीत नसतोच तो: इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला तरी २० ते ३० वॉट घेतो. २४ तासांचे ते ०.६ युनिट होतात, म्हणजे जवळजवळ आणखी एक फ्रिजच. ही बेरीज ३.८ युनिट होते. बॅटरीच्या डीसी विजेची घरगुती २३० व्होल्टची एसी वीज (इथे एसी म्हणजे एअर कंडिशनर नव्हे) करताना जी दहा टक्के वाया जाते ती धरून ४ युनिट पकडा.

आणि मग एसी. बसला आतून नीट इन्सुलेशन असेल, काचांना जाड पडदे असतील आणि इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचा (गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करणारा) एक टनाचा एसी असेल, तर रात्रभराची सरासरी ५५० वॉटच्या आसपास येते. आठ तासांचे ४.४ युनिट, इन्व्हर्टरमधला तोटा धरून ४.९. म्हणजे एकटा एसी बाकीच्या अख्ख्या घरापेक्षा जास्त वीज पितो. तुमच्या आखणीत खरा निर्णय हा एकच आहे. बाकी सगळं त्याच्या मागून येतं.

माझं मत स्पष्ट आहे: पहिल्या टप्प्यात एसी बसवा, पण तो बाहेरचा पुरवठा असेल तेव्हाच किंवा झोपण्याआधी दोन तास चालेल, असं धरून बॅटरी घ्या. जागा आणि केबल मात्र दुप्पट बॅटरीच्या हिशोबाने ठेवा. पहिले काही हजार रुपये छताच्या आणि बाजूच्या पत्र्यांच्या इन्सुलेशनवर घाला. उघड्या पत्र्याच्या बसमध्ये वरचा ५५० चा आकडा ९०० वर जातो, आणि त्याला कुठलीही बॅटरी पुरत नाही. घरगुती स्प्लिट एसी बसवणार असाल तर तांब्याच्या नळ्यांना बाहेरच्या युनिटजवळ एक मोठा वळसा ठेवा आणि युनिट रबरी पॅडवर बसवा. रस्त्याच्या हादऱ्यानं गॅस गळतो तो बहुतेक वेळा फ्लेअरच्या जोडापाशी, म्हणजे नळीचं तोंड पसरवून नटाने आवळतात तिथे.

बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटचीच घ्या. २८० एएचचे आठ सेल सिरीजमध्ये लावले की २५.६ व्होल्ट आणि ७.२ युनिट मिळतात. त्यातले ८० ते ८५ टक्के, म्हणजे जवळपास ६ युनिट, निर्धास्त वापरता येतात. एसीशिवाय दीड दिवस झाला. सेल प्रत्येकी साडेपाच किलोच्या आतबाहेर असतात, त्यामुळे पेटी आणि बीएमएस (सेलवर लक्ष ठेवून गरज पडली तर बॅटरी तोडणारं सर्किट) धरून वजन ५५ किलोपर्यंत जातं. तेवढीच वापरता येणारी वीज ट्यूब्युलरमधून काढायची तर बॅटऱ्यांचंच वजन काही शे किलो होईल. शिवाय चार्ज होताना त्यातून हायड्रोजन निघतो, तो झोपायच्या खोलीत नको.

व्होल्टेज २४ च ठेवा. १२ व्होल्टवर ३ केव्हीएचा इन्व्हर्टर २०० अँपिअरच्या वर ओढतो. ४८ व्होल्टवर करंट निम्मा होतो हे खरं, पण बसचा आल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज बनवणारा), पंखे, पंप आणि दिवे सगळे २४ चे असताना प्रत्येक ठिकाणी कन्व्हर्टर घालावा लागतो. इन्व्हर्टर ५ केव्हीएवर जाणार असेल तरच ४८ चा विचार करा.

इथेच एक सक्त ताकीद. गाडीच्या दोन १२ व्होल्टच्या बॅटऱ्यांपैकी एकीवरून १२ व्होल्ट काढून म्युझिक सिस्टिम किंवा मोबाईल चार्जर जोडायची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. ती बॅटरी जास्त उतरते, आल्टरनेटरला मात्र दोघींची बेरीजच दिसते. मग एक कायम अर्धपोटी राहते आणि दुसरी जास्त चार्ज होऊन पाणी आटवते. वर्षभरात दोन्ही जातात. १२ व्होल्ट हवे असतील तर २४ ते १२ चा कन्व्हर्टर लावा.

लिथियम बॅटरीला थंडी आणि उष्णता दोन्ही सोसत नाहीत. सेल ० अंशाच्या खाली असताना चार्ज केला तर आत लिथियम धातू साचतो आणि ते नुकसान भरून येत नाही. स्पितीत ऑक्टोबरच्या पहाटे ही वेळ नक्की येते. म्हणून कमी तापमानाला चार्जिंग तोडणारा बीएमएस हवा आणि पेटी बसच्या आत, राहत्या भागात हवी. ४५ अंशांवर सतत राहिली तरी आयुष्य घटतं, त्यामुळे इंजिनाच्या बॉनेटला लागून किंवा मागच्या काचेखाली उन्हात ती ठेवू नका. दोन चाकांच्या मधे, फरशीलगत, पाण्याच्या टाकीच्या विरुद्ध बाजूला ही उत्तम जागा, कारण वजनही सावरतं. बीएमएस २०० अँपिअरचा घ्या. चार्जिंगची मर्यादा २९.२ व्होल्टऐवजी २८.४ ठेवली तर क्षमता फारशी जात नाही आणि सेलवरचा ताण कमी होतो.

आता भरणं. आल्टरनेटरवरून साध्या रिलेनं (विजेवर चालणाऱ्या स्विचनं) लिथियम बॅटरी जोडू नका. लेड-ॲसिड भरत आली की स्वतःच करंट कमी घेते. लिथियम मात्र जवळजवळ शेवटपर्यंत मिळेल तेवढा ओढत राहते. ट्रॅफिकमध्ये इंजिन कमी फेऱ्यांवर असतं, आल्टरनेटरचा पंखाही मंद असतो, आणि त्याच वेळी त्याच्यावर पूर्ण भार येतो. मग डायोड जळतात. दुसरा धोका असा की बीएमएसनं मधेच बॅटरी तोडली तर व्होल्टेजचा झटका गाडीच्या इलेक्ट्रॉनिक्सपर्यंत जातो. यावर उपाय २४ ते २४ चा डीसी-डीसी चार्जर, म्हणजे आल्टरनेटरकडून ठरावीकच करंट घेऊन लिथियम बॅटरी भरणारं यंत्र. आल्टरनेटरच्या पट्टीवर ५५ अँपिअर लिहिलं असेल, तर हेडलाइट, वायपर वगैरेंना २० सोडून चार्जर २० ते २५ चा पुरे. २५ अँपिअर म्हणजे सुमारे ६५० वॉट. पाच तासांच्या प्रवासात ३.२ युनिट आत येतात. तो इग्निशनच्या सिग्नलवरच चालू व्हावा, नाहीतर रात्री गाडीची बॅटरी उतरेल. त्याच्या वायरीला दोन्ही टोकांना फ्यूज लागतो, कारण दोन्ही टोकांना बॅटरी आहे. एकाच टोकाला फ्यूज लावलेला नेहमी दिसतो, आणि वायर मधे कुठे घासली गेली तर दुसरी बॅटरी ती लालबुंद करते.

सोलरसाठी पॅनल घेण्याआधी छताची रुंदी टेपने मोजा. हल्ली सगळीकडे मिळणारं ५४० वॉटचं पॅनल सुमारे २.२८ बाय १.१३ मीटर असतं. २.१ मीटर रुंद छतावर ते आडवं टाकलं तर बाहेर येतं, आणि उभी दोन शेजारी ठेवली तर २.२६ होतात, तीही बसत नाहीत. १.९६ बाय ०.९९ मीटरची ३३० वॉटची चार पॅनल आडवी ठेवा. छताची चारच मीटर लांबी जाते, एसी आणि हवेच्या झडपेला जागा उरते, आणि १.३ किलोवॉट मिळतात. सपाट बसवलेली, तापलेली पॅनल स्वच्छ उन्हात दिवसाला साडेचार ते पाच युनिट देतील. कोकणातल्या जुलैत एक-दीडही मिळेल असं धरू नका, आणि झाडाखाली गाडी लावली की मे महिन्यातही हा हिशोब कोसळतो. पॅनल आणि छत यांत निदान ४ सेंटीमीटर हवा खेळू द्या.

पॅनलची वीज बॅटरीत भरणारा कंट्रोलर निवडताना स्पिती लक्षात ठेवा. या पॅनलचं ओपन सर्किट व्होल्टेज (काहीही न जोडता मिळणारं) ४६ च्या आसपास असतं. दोन सिरीजमध्ये लावली की ९२. पुण्यात १०० व्होल्टचा एमपीपीटी कंट्रोलर (पॅनलमधून जास्तीत जास्त वीज काढणारा) याला चालून जातो. पण तापमान एका अंशानं उतरलं की व्होल्टेज साधारण ०.३ टक्क्यानं वाढतं. पॅनलवरचे आकडे २५ अंशांचे असतात. उणे १० ला सूर्य पॅनलवर पडला की ९२ चे जवळपास १०२ होतात आणि कंट्रोलर त्याच क्षणी जळतो. अशा बिघाडाला वॉरंटी मिळत नाही. १५० व्होल्ट, ६० अँपिअरचा घ्या आणि दोन सिरीज, दोन पॅरलल अशी मांडणी करा.

इन्व्हर्टर प्युअर साइनवेव्हचा (घरच्या विजेसारखी गुळगुळीत लहर देणारा), ३ केव्हीए, आणि चार्जर त्याच डब्यात असलेला. केव्हीए म्हणजे किलोवॉट नव्हे. उदाहरणार्थ, व्हिक्ट्रॉनचा २४ व्होल्टचा ३००० व्हीए मल्टीप्लस २५ अंशांना २४०० वॉट देतो आणि ४० अंशांना २२००. बंद कपाटात कोंडला तर आणखी कमी. म्हणून इंडक्शन १८०० वर आणि एसी एकदम चालणार नाहीत. घरातल्यांना हे आधीच सांगून ठेवा, किंवा इंडक्शन १२०० वॉटच्या वर न्यायचा नाही असं ठरवा.

वायरिंगमध्ये सगळ्यात महत्त्वाचा फ्यूज बॅटरीचा. २८० एएचच्या सेलचा अंतर्गत रोध इतका कमी असतो की शॉर्ट झाला तर पाच-सहा हजार अँपिअर वाहू शकतात. गाड्यांच्या ॲक्सेसरीच्या दुकानात मिळणारा मेगा फ्यूज साधारण २००० अँपिअरपर्यंतच तोडू शकतो. त्यापुढे तो वितळूनही आत ठिणगी चालू राहते. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून जमेल तितक्या जवळ क्लास टी फ्यूज (फार मोठा करंटही तोडू शकणारा), २०० अँपिअरचा. तो मिळाला नाही तर पुरेशी ब्रेकिंग (करंट तोडण्याची) क्षमता असलेला एचआरसी फ्यूज, पण त्यावर डीसी व्होल्टेज छापलेलं असलंच पाहिजे. हीच गोष्ट एमसीबीची (जास्त करंट आला की पडणाऱ्या स्विचची). घरातला एसी विजेचा एमसीबी डीसी लाइनला लावू नका. एसी विजेचा करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, तिथे ठिणगी विझते. डीसीत तो शून्यावर येतच नाही आणि एमसीबी बंद होऊनही आतून जळत राहतो.

बॅटरी ते इन्व्हर्टर ५० स्क्वेअर एमएमची मल्टिस्ट्रँड तांब्याची केबल घ्या, अंतर २ मीटरच्या आत ठेवा. लांबच्या पंपासाठी हिशोब असा: ४ अँपिअर, जाऊन-येऊन २० मीटर, २.५ स्क्वेअर एमएम वायर, म्हणजे ०.५७ व्होल्टची घट, सव्वादोन टक्क्यांच्या आसपास. ३ टक्क्यांच्या आत असली की चालतं. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल तांब्याची म्हणून विकली जाते. एक तार ब्लेडने खरवडा, आत पांढरी दिसली तर परत करा. घरातली एकसंध तार बसमध्ये नको, हादऱ्यानं ती स्क्रूच्या तोंडाशी तुटते. प्रत्येक वायर ३०-४० सेंटीमीटरवर पकडीत हवी, पत्र्यातल्या प्रत्येक भोकात रबरी ग्रॉमेट हवं. निगेटिव्हसाठी बसच्या पत्र्यावर विसंबू नका. प्रत्येक सर्किटला स्वतःची परतीची वायर द्या आणि निगेटिव्ह बसबार (सगळ्या परतीच्या वायरी एकत्र येतात ती पट्टी) चासीला (गाडीच्या सांगाड्याला) एकाच जागी जोडा.

लग (केबलच्या टोकाला बसवून बोल्टला लावायची तांब्याची टोपी) दाबायचं काम हातोडीने किंवा पक्कडीने होत नाही, हायड्रॉलिक क्रिंपिंग टूल लागतं. काम सुरू करण्याआधी एक नमुना दाबून घ्या आणि दाबलेल्या जागी हॅकसॉने आडवा कापा. कापलेला भाग कानसने घासल्यावर तांब्याचा एकजीव षटकोन दिसला पाहिजे. मधे काळे ठिपके किंवा सुट्या तारांचे गोल दिसले तर टूलची डाय (दाबायचा साचा) मोठी आहे. त्या फटींत कोकणातली खारी हवा शिरते, जोड हिरवा पडतो, रोध वाढतो आणि १०० अँपिअरला तो लग हात लावता येणार नाही इतका तापतो. दाबल्यावर वरून हीट श्रिंक चढवा, सोल्डर करू नका.

इन्व्हर्टर पहिल्यांदा जोडताना त्यातले रिकामे कपॅसिटर एकदम करंट ओढतात. मोठी ठिणगी उडते आणि बीएमएस ट्रिप होतो. आधी काही सेकंद ५० ओम, १० वॉटच्या रोधामधून जोडा, मग मुख्य स्विच लावा.

आता २३० व्होल्ट. माणसं दगावतात ती इथे. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (जाणाऱ्या आणि परतणाऱ्या करंटात फरक पडला की पुरवठा तोडणारा स्विच) सगळेच लावतात. तो कधी काम करतो हे मात्र फार थोडे तपासतात. महावितरणच्या पुरवठ्यावर न्यूट्रल ट्रान्सफॉर्मरपाशी जमिनीला जोडलेला असतो. फ्रिजची बॉडी फेजला लागली तर करंट अर्थमधून परत जातो, आरसीसीबीला फरक कळतो आणि तो पडतो. प्लग काढून बस बॅटरीवर गेली की तो ट्रान्सफॉर्मर उरत नाही. घरगुती इन्व्हर्टरमध्ये न्यूट्रल तेव्हा तरंगता, म्हणजे अर्थला न जोडलेला राहतो. पहिला बिघाड झाला तरी करंटला परतीची वाटच नसते, आरसीसीबी गप्प राहतो, आणि बिघाड कुणाच्या लक्षात न येता तसाच पडून राहतो. दुसऱ्या जागी दुसरी वायर उघडी पडली, की त्या दोन्हींना एकदम हात लावणाऱ्याच्या शरीरातून सर्किट पूर्ण होतं, आणि तेव्हाही आरसीसीबी पडेलच असं नाही.

उपाय असा की बॅटरीवर असताना न्यूट्रल आणि अर्थ इन्व्हर्टरच्या आउटपुटला जोडले जावेत आणि बाहेरचा पुरवठा आला की आपोआप सुटावेत. गाडी किंवा बोटीसाठी बनवलेल्या इन्व्हर्टर-चार्जरमध्ये यासाठी ग्राउंड रिले असतो. तुम्हाला सुचवलेला घरगुती इन्व्हर्टर मुख्यतः याच कारणासाठी नको. कायमची पट्टी टाकून न्यूट्रल-अर्थ जोडणं हा उपाय नाही. तसं केलं की यजमानाच्या घराचा आरसीसीबी प्लग लावताक्षणी पडतो, आणि तिथे आरसीसीबी नसेल तर तुमच्या बसची बॉडी त्यांच्या न्यूट्रलचा भाग होते. इन्व्हर्टरच्या आउटपुटनंतर एक टाइप ए आरसीसीबी आणि बाहेरची वीज आत येते त्या इनलेटपाशी आणखी एक लावा. सगळे एमसीबी डबल पोलचे (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारे) घ्या, कारण परक्या सॉकेटमध्ये फेज-न्यूट्रल उलटे असणं नेहमीचं आहे. विजेच्या पॅनलचा (एमसीबी असलेल्या पेटीचा) अर्थ चासीला बोल्टने, रंग खरवडून जोडा.

आपल्याकडे कॅम्पसाइटवर कॅराव्हॅनसाठी वेगळा खांब क्वचितच असतो. वीज मिळते ती ढाब्यावर, होमस्टेत किंवा नातेवाइकांच्या अंगणात. बसला निळा १६ अँपिअरचा इंडस्ट्रियल इनलेट लावा, दोन्हीकडे पिना असलेली वायर कधीही बनवू नका. केबल तीन कोअर, ४ स्क्वेअर एमएम, २० मीटर, आणि वापरताना रीळ पूर्ण उलगडलेलं, कारण गुंडाळलेली केबल स्वतःच्याच उष्णतेनं वितळते. जोडण्याआधी टेस्ट लॅम्प फेज आणि अर्थ यांत लावा. पूर्ण उजळला किंवा तिथला आरसीसीबी पडला, तर अर्थिंग आहे. मिणमिणला किंवा पेटलाच नाही, तर त्या सॉकेटला बस जोडू नका. इन्व्हर्टर-चार्जरवर बाहेरून घ्यायच्या करंटची मर्यादा ६ अँपिअरच्या सॉकेटला ५ आणि १६ च्या सॉकेटला १० ठेवा. गावाकडे संध्याकाळी व्होल्टेज १८० च्या खाली गेलं, तर बरेच चार्जर पुरवठा नाकारतात. तो बिघाड नव्हे. रात्री उशिरा व्होल्टेज वाढलं की चार्जिंग आपोआप सुरू होईल.

परवानगीचं काम मागे ठेवू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत असा बदल करताना आरटीओची मान्यता लागते, आणि मोटार कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे मानक आहे. वायरिंगचा नकाशा, फ्यूजची यादी आणि केबलची मापं कागदावर असली तर तपासणी सोपी जाते. त्याच नकाशाची एक प्रत विजेच्या पॅनलच्या दारावर आतून चिकटवा.

काम झालं की लगेच निघू नका. इंडक्शन आणि आणखी एखादं उपकरण लावून २ किलोवॉटचा भार अर्धा तास ठेवा. मग भार बंद करा, मुख्य स्विच पाडा आणि प्रत्येक लग, फ्यूज आणि बसबारला हात लावून बघा. एखादा जोड शेजारच्यापेक्षा जास्त गरम असेल तर तो उघडून परत करा. घट्ट केलेल्या प्रत्येक नटावर रंगाची रेघ ओढून ठेवा, म्हणजे ढिला झाला की ती तुटलेली दिसेल. ५०० किलोमीटरनंतर सगळे नट टॉर्क पान्याने पुन्हा तपासा. आरसीसीबीचं टेस्ट बटण नुसतं दाबून भागत नाही, कारण ते न्यूट्रल-अर्थची जोडणी तपासत नाही. प्लग काढून, बॅटरीवर असताना, इलेक्ट्रिशियनकडून आरसीसीबी टेस्टर सॉकेटमध्ये लावून घ्या. तिथे तो पडला नाही, तर न्यूट्रल-अर्थची जोडणी होईपर्यंत कुणालाही त्या बसमध्ये झोपू देऊ नका.